पाणीखात्याचा दिवस

पत्र येऊन नऊ दिवस झाले होते आणि नऊही दिवस ते थोरल्याच्या टेबलावर पेपरवेटखाली दबून होतं. शेवटी धाकटीच्या हाती ते लागलं, आणि रविवारी सकाळी तिनं सगळ्यांना छापखान्यात गोळा केलं.

सगळे म्हणजे चौघं. थोरला, आई गेल्यापासून त्रैमासिकाचा संपादक. धाकटी, कॉलेजात इतिहास शिकवणारी, भावाशी वाद घातल्याशिवाय जिचा रविवार सरत नसे. मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, ज्याला लिहायला कधी जमलं नाही आणि गप्प बसायलाही नाही. आणि थोरल्या-धाकटीचा बाप. त्याला छापखान्यात अजून सगळे जुळारीच म्हणत. सतराव्या वर्षी तो इथं छपाईचे शिशाचे खिळे जुळवायला आला, सव्विसाव्या वर्षी मालकाच्या मुलीनं त्याच्याशी लग्न केलं. पुढं खिळे भंगारात गेले, संगणक आले, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

मालकाची मुलगी जाऊन अकरा महिने झाले होते. तिच्या आठवणीचा अंक उद्या छापायला जायचा होता. तिनं चाळीस वर्षं हे त्रैमासिक चालवलं, आणि चाळीस वर्षांत तिच्या स्वतःच्या नावावर एकही चूक नव्हती. थोरल्यानं अग्रलेखाचं पहिलंच वाक्य तसं लिहिलं होतं.

"वाच," धाकटी भावाला म्हणाली. "नऊ दिवस अंडं उबवल्यासारखा बसलास त्याच्यावर. आता वाच."

थोरल्यानं चष्मा लावला.

"‘तलावाच्या बांधावर गेल्या वर्षी पाटी लावली आहे. तलाव फुटला त्या रात्री पहारेकरी जागेवर नव्हता, असं तिच्यावर लिहिलं आहे, आणि खाली तुमच्या त्रैमासिकाचं नाव आहे. तो पहारेकरी माझा बाप. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. रात्री दहाला मी त्याला कंदिलाचं तेल नेऊन दिलं. तो जागेवर होता. तुमच्या बाईंनी चुकीचं पान पाहिलं. पाणीखात्याचा दिवस सकाळी सहाला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सहाला संपतो. पंधरा तारखेची पहाट चौदाच्या पानावर असते. आमच्या घरात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मी रोज त्या पाटीवरून जाते. बाकी मला काही नको.’"

"झालं?" मामा म्हणाला. "साठ वर्षांनी? साठ वर्षं काय बाई झोपली होती?"

"मामा, पाटी गेल्या वर्षी लागली. आपलं त्रैमासिक काय घराघरात जातं?"

"मग आई चुकली असं तू धरूनच चाललीस."

"धरून नाही. शुक्रवारी दप्तरखान्यात जाऊन आले." धाकटीनं मोबाइल टेबलावर ठेवला आणि फोटो मोठा केला. "हे पंधराचं पान. पहिली नोंद सकाळी सहाची, दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात. आईनं हेच पाहिलं. मध्यरात्रीपासून सहापर्यंत एक नोंद नाही, म्हणजे माणूस जागेवर नव्हता. मीसुद्धा तेच म्हटलं असतं. आणि हे चौदाचं."

जुळारी वाकला. त्याला फार लांबचं दिसत नसे, पण अक्षर दिसे. आयुष्यभर त्यानं अक्षरंच पाहिली होती, तीही उलटी.

पानावर वरून खाली एकाच हाताचं अक्षर होतं. संध्याकाळपर्यंत तासातासाला पाण्याची उंची. रात्री दहानंतर अर्ध्या तासाला. बारानंतर पाव तासाला. बारा चाळीस, एक आणि दोन नंबरचे दरवाजे उघडले. एक पाच, तीन आणि चार उघडले. एक वीस, सर्व दरवाजे उघडले, पाणी चढतेच आहे. एक पस्तीस, बांध उजवीकडे पाझरतो, खालच्या आळीला शिट्टी दिली. एक पन्नास, पुन्हा शिट्टी दिली. दोन पाच, पाणी चौकीत आले. दोन वीस, गुडघ्यापर्यंत. त्यापुढं फक्त वेळ लिहिलेली होती, दोन पस्तीस, आणि तिच्यासमोर काही नव्हतं.

खाली रस्त्यावर कुणीतरी शटर वर केलं.

"अक्षर बघ," जुळारी हळूच म्हणाला. "ओळ कुठं ढळली नाही."

"बाबा?"

"गुडघाभर पाण्यात उभा राहून माणूस लिहितोय, आणि ओळ सरळ. आपल्याकडं पंख्याखाली बसून लोकांच्या ओळी वाकड्या जायच्या." त्यानं मोबाइलच्या काचेवर बोट ठेवलं, तसं पान सरकलं. तो दचकला आणि हात मागं घेतला. पहाटे अडीचला त्या पाण्यात एक माणूस वेळ लिहीत होता, आणि ती वेळ आज या टेबलावर पोहोचली होती. अशा गोष्टीपुढं काय म्हणतात ते त्याला माहीत नव्हतं. त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

मग भांडण सुरू झालं.

हे घर कशावरून भांडतंय हे बाहेरच्याला कळायला थोडं मागं जावं लागतं. या त्रैमासिकाचं पहिलं पान चुकांचं असे. सगळ्या जगात शुद्धिपत्र शेवटी असतं, इथं ते अनुक्रमणिकेच्याही आधी. जुळाऱ्याच्या सासऱ्यानं ही प्रथा घातली. तो म्हणायचा, चूक दारातून आत आली तर माफी खिडकीतून का द्यायची? त्याचे नियम चार होते. ज्याची चूक, त्यानं स्वतः लिहायचं आणि खाली पूर्ण नाव घालायचं. चूक ज्या आकाराच्या अक्षरात छापली, दुरुस्तीही त्याच आकारात. कारण लिहायचं नाही, कारण वाचून कुणाचं गेलेलं परत येत नाही. आणि चुकीमुळं ज्याचं नुकसान झालं तो हयात असेल, तर छापण्याआधी त्याच्या घरी जाऊन दुरुस्ती त्याला वाचून दाखवायची. चार-दोन प्राध्यापकांनी या चौथ्या नियमापायी त्रैमासिकात लिहिणं सोडलं होतं.

"पुढच्या अंकात घेऊ," थोरला म्हणाला. "तीन महिन्यांनी काय बिघडतं? पहिल्या पानावर आईची चूक आणि पान उलटलं की आईचा फोटो, हे बरं दिसतं का?"

"दादा, ती बाई बहात्तर वर्षांची आहे. रोज त्या पाटीवरून जाते."

"मग नाव न घालता छापू. ‘संपादकीय चूक.’ झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आईनं कुणाची मूठ झाकू दिली होती?"

"अगं, मेलेलं माणूस येऊन लिहिणार आहे का?" मामा उसळला. "नियम काय सांगतो? ज्याची चूक त्यानं लिहायचं. ती नाही. संपला विषय. तिला साधी सहीसुद्धा करता येणार नाही आता, आणि तुम्ही तिला पहिल्या पानावर उभी करणार!" शेवटच्या शब्दाला त्याचा आवाज फुटला. तो भिंतीकडं वळून चष्मा पुसत बसला.

जुळाऱ्याचं मन दोन्हीकडं ओढत होतं. तिच्या नावाला डाग लागू नये, एवढीच एक गोष्ट त्याला या अंकात हवी होती. लेख त्याला लिहिता येत नव्हता, भाषण करता येत नव्हतं. अंक स्वच्छ निघावा, एवढंच तो तिच्यासाठी करू शकत होता. आणि त्याच वेळी ती दोन वीसची ओळ त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

"तिचा तलावाचा लेख कुठल्या अंकातला?" त्यानं विचारलं.

धाकटीनं बांधीव खंड काढून दिला. जुळाऱ्यानं पान पाहिलं, अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"हा अंक माझ्या हातचा नाही."

"काय झालं त्यानं?"

"काही नाही. तिचं बाकी सगळं मी जुळवलं. एवढं एकच नाही." एकतीस वर्षांपूर्वी असं का झालं, ते त्याला लगेच आठवेना. "तिचं कार्ड काढ याचं."

कार्डांचं कपाट तिच्या खुर्चीमागं होतं. चोवीस खण. छापलेल्या प्रत्येक विधानामागं एक कार्ड, आणि कार्डावर कुठलं दप्तर, कुठली वही, कुठलं पान, कुठल्या दिवशी पाहिलं ते. घरातल्या सगळ्यांना हे पाठ होतं. थोरल्यानं अकराव्या खणातून कार्ड शोधलं आणि टेबलावर ठेवलं. ‘पाणीखाते, पातळी नोंदवही, पंधरा तारखेचे पान. मध्यरात्र ते सकाळी सहा, नोंद नाही.’ खाली तारीख.

"पाहा," मामा म्हणाला. "तिनं जे पाहिलं ते इमानानं लिहिलं. वहीच उफराटी, त्याला ती काय करणार?"

जुळाऱ्यानं कार्ड उचललं आणि उलटं केलं. मुद्दाम नाही. कसलाही कागद हाती आला की जुळारी आधी त्याची पाठ बघतो, दाब जास्त बसलाय का ते चाचपतो. खिळे जाऊन वीस वर्षं झाली तरी सवय गेली नव्हती.

पाठीवर पेन्सिलीनं, बारीक अक्षरात, तिचं लिहिलेलं होतं. ‘मागचे पान पाहिले नाही. उजेड गेला. उद्या पाहणे.’

त्यानं ते दोनदा वाचलं. मग कार्ड खाली ठेवलं आणि खणातलं पुढचं उचललं. त्याच्या पाठीवर होतं, ‘साक्षीदाराचा भाऊ हयात असल्याचे कळते. भेटले नाही.’ खाली शाईनं, ‘भेटले,’ आणि तीन वर्षांनंतरची तारीख. त्याच्या पुढचं, ‘नकाशा नकलेवरून. मूळ पाहिला नाही.’ त्याच्या पुढचं. त्याच्या पुढचं.

"दुसरा खण काढ," तो म्हणाला.

मग तिघंही खण उपसू लागले. थोरला एक, धाकटी एक, मामा जमिनीवर बसकण मारून एक. प्रत्येक कार्डाला पाठ होती. पुढच्या बाजूला तिनं काय पाहिलं, आणि मागच्या बाजूला काय पाहिलं नाही. चोवीस खण. बहुतेक ठिकाणी खाली शाईनं तारीख पडलेली, ‘पाहिले’, ‘पाहिले’, ‘पाहिले, पूर्वी लिहिले ते बरोबर’. काही ठिकाणी वीस-वीस वर्षांनंतरची तारीख. अशी तारीख नसलेली कार्डं फार थोडी होती.

"आम्हाला कधी सांगितलं नाही तिनं," धाकटी म्हणाली. तिचे हात भरून कार्डं होती. "मी आईकडून शिकले असं सगळीकडं सांगत फिरते. मी अर्धंच शिकले."

थोरला खुर्चीत बसला. त्याच्या अग्रलेखाचं पहिलं वाक्य त्याला आठवलं असावं, कारण त्यानं टेबलावरचा कागद उचलून त्याची घडी केली आणि तो खिशात घातला. "एकही चूक नाही, असं मी लिहिलंय," तो म्हणाला. "ती वाचून हसली असती."

जुळारी मात्र नुसता उभा होता. पस्तीस वर्षं हे कपाट त्याच्या पाठीशी होतं. त्याला वाटायचं, त्यात तिला ठाऊक असलेलं सगळं आहे. त्यात तिला ठाऊक नसलेलंही सगळं होतं, तेवढ्याच काळजीनं लावून ठेवलेलं. जिच्याशी संसार केला त्या बाईसमोर आपण आज पहिल्यांदा उभे आहोत, असं त्याला वाटलं, आणि थोडी भीतीही वाटली.

"पण मग उद्या गेली का नाही?" धाकटी म्हणाली. "उद्या पाहणे, असं लिहून आई विसरली? आई?"

जमिनीवरून मामाचा आवाज आला. "तारीख वाच बघू पुन्हा."

धाकटीनं वाचली.

मामानं कार्डं खाली ठेवली. "दुसऱ्या दिवशी ती गेली होती. सकाळी दार उघडायच्या आधी जाऊन उभी होती. मीच तिला तिथून बोलावून आणलं." तो जुळाऱ्याकडं पाहत होता. "दाजी, तुमचा हात ट्रेडलच्या छापयंत्रात गेला तो दिवस."

जुळाऱ्यानं आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं. दोन बोटं पेरापाशी संपत होती. आता त्याला आठवलं. अंक त्याच्या हातचा का नाही ते आठवलं. दवाखान्यात त्याच्या खाटेला टेकून ती मांडीवर फळी घेऊन लिहायची, तेही आठवलं. "कसलं लिहितेस?" त्यानं विचारलं होतं. "तलावाचं," ती म्हणाली होती, "झोपा तुम्ही."

"मग हे लिहायलाच हवं!" धाकटी ताडकन उठली. "नाव घाला, चूक छापा, आणि खाली हे लिहा. नवऱ्याचा हात चिरडला म्हणून राहून गेलं. कोण नावं ठेवेल तिला?"

"हो, हे चालेल," थोरला म्हणाला. सकाळपासून बहीणभाऊ पहिल्यांदा एका बाजूला आले होते. "मामा?"

"माझी ना नाही. मग तर माझंही नाव घाला. निरोप मीच नेला."

तिघंही जुळाऱ्याकडं पाहू लागले. त्याला ते हवं होतं. देवाशपथ हवं होतं. एका ओळीत ती सुटत होती, आणि सोडवणारं कारण तो स्वतः होता. नवऱ्याला यापेक्षा काय पाहिजे?

"नाही," तो म्हणाला.

"बाबा, पण का?"

"तिनं कुणाला कारण लिहू दिलं होतं? एका प्राध्यापकाची चूक झाली, त्याच महिन्यात त्याची बायको गेली होती. आठवतंय? त्यानं तेवढं एक वाक्य लिहिलं होतं, तेही तिनं काढलं. रडत रडत काढलं, पण काढलं. म्हणाली, वाचणारा आधी त्याच्याकडं बघेल, आणि ज्याचं नुकसान झालं तो मागं राहील." त्यानं तिची खुर्ची ओढली. अकरा महिन्यांत त्या खुर्चीत कुणी बसलं नव्हतं. तो बसला. "कागद दे. तिला लिहिता येत नाही, तर मी लिहितो."

"तुम्ही?" मामा म्हणाला. "दाजी, तुम्ही जन्मात एक ओळ लिहिली नाहीत."

"इतरांच्या लाखभर जुळवल्यात. बघू."

त्याला दोन तास लागले. आठ ओळी झाल्या.

तलाव बुजवून आता तिथं मैदान झालं होतं, पण जुना बांध उभा होता आणि बांधाखाली पाणीखात्याच्या खोल्यांची रांग. पत्रातल्या पत्त्यावर तो एकटाच गेला. धाकटी येते म्हणाली, त्यानं नको म्हटलं. वाटेत ती पाटी लागली. त्यानं ती उभं राहून वाचली. अक्षर सुबक होतं, एकही खोट नव्हती.

दार उघडंच होतं. म्हातारी शिवणयंत्रावर बसली होती, गळ्यात मोजपट्टी. शिवणकामावर तिनं चार मुलं वाढवली, हे त्याला पुढं कळलं.

"त्रैमासिकातून आलोय," तो म्हणाला. "छापण्याआधी तुम्हाला वाचून दाखवायचं असतं."

तिनं यंत्राचं चाक हातानं थांबवलं. "बाई नाही आल्या?"

"बाई गेल्या. अकरा महिने झाले. मी त्यांचा नवरा."

"बसा," ती म्हणाली, आणि स्टुलावरचं कापड उचललं.

तो उभा राहूनच वाचू लागला. "‘तलाव फुटला त्या रात्री पहारेकरी जागेवर नव्हता, असं आम्ही छापलं होतं. ते चूक आहे. पहारेकरी रात्रभर जागेवर होता. त्यानं पाव पाव तासानं पाणी मोजलं, सातही दरवाजे उघडले, खालच्या आळीला दोनदा शिट्टी दिली, आणि गुडघाभर पाण्यात उभं राहून वेळ लिहीत राहिला. पाणीखात्याचा दिवस सकाळी सहाला सुरू होतो, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. नोंदवहीचं मागचं पान आम्ही पाहिलं नाही. ही चूक...’" इथं त्यानं बायकोचं पूर्ण नाव वाचलं. मोठ्यानं, आडनावासकट. ते नाव त्याच्या तोंडून तसं कधीच निघालं नव्हतं. मग त्यानं वाक्य पुरं केलं.

म्हातारीनं कागदाकडं बोट केलं. "गुडघाभर पाणी. कुठं लिहिलंय ते?"

"त्यांनीच लिहिलंय. वहीत."

"आम्हाला कधी बोलला नाही." तिनं मोजपट्टी गळ्यातून काढून हाताला गुंडाळली, मग सोडली, मग पुन्हा गुंडाळली. "नोकरीवरून काढलं, तरी बोलला नाही. वहीत आहे म्हणायचा. सगळं वहीत आहे, कुणीतरी बघेल." मग तिनं त्याच्याकडं पाहिलं. "बाईंनी मागचं पान का पाहिलं नाही?"

"कारण लिहायचं नाही, असा नियम आहे आमच्यात."

"लिहू नका. मी विचारतेय."

त्यानं कागद डाव्या हातात घेतला आणि उजवा हात तिच्यापुढं धरला. "दुसऱ्या दिवशी पाहणार होती. त्या सकाळी हे झालं."

तिनं हात नीट पाहिला, कापड पाहावं तसा. "मग तुमच्याकडं आल्या ते बरं केलं," ती म्हणाली. "माणूस आधी." आणि थोड्या वेळानं, "पुन्हा वाचा. सावकाश."

त्यानं पुन्हा वाचलं. ‘सातही दरवाजे’ आले तसा तिनं हात वर केला.

"सहा."

"काय?"

"दरवाजे सहा होते. सातवी कमान नुसती दिसायला. आतून चिणलेली."

"लेखातल्या फोटोत सात दिसतात हो. मी मोजले."

"तुम्ही कमानी मोजल्यात. दरवाजे कुठं मोजलेत?"

जुळाऱ्यानं कागद डोळ्यांजवळ नेला. वहीत ‘सर्व’ होतं. सात त्याचे होते. जन्मात आठ ओळी लिहिल्या आणि त्यात एक चूक, अगदी स्वतःची, आणि ती बायकोच्या नावावर छापली जाणार होती. चाळीस वर्षं ती रोज अशा ओळी लिहीत होती. रोज. त्यानं पेन्सिल काढली, ‘सात’वर काट मारली आणि ‘सहा’ लिहायला टेकवली.

"माझ्या शब्दावर लिहू नका," म्हातारी म्हणाली. "मी तेव्हा नऊ वर्षांची होते. कमान आहे अजून बांधात, झुडपं वाढलीत पुढं. बघूनच लिहा."

"बरोबर आहे," तो म्हणाला. "उद्या सकाळी येतो."

म्हातारी यंत्रावरून उठली, भिंतीला धरून पायात चपला सरकवल्या आणि त्याच्या पुढं होऊन दाराशी गेली.

"उद्या कशाला?" ती म्हणाली. "उजेड आहे अजून."